सीझनचं नाक

आला एकदाचा सीझन, मुडदा बशिवला त्याचा.

मार्च सरत आला की एमआयडीसीच्या रस्त्यावर बियाण्याच्या ट्रकांची रांग लागते आणि आमच्या प्लांटच्या गेटातून तो वास बाहेर पडतो. कीडनाशक, लाल रंग, सरकीची पिठूळ धूळ, सगळ्यांचा मिळून एकच वास. नव्या माणसाला तो नाकात झोंबतो. आम्हालाही पहिले चार दिवस झोंबतो, मग डोकं धरतं, खोकला लागतो, आणि एका दिवशी वास यायचाच बंद होतो. फोडणी हुंगा, मोगरा हुंगा, नाहीतर नाल्यावर जाऊन उभे राहा, सगळं सारखंच. याला आमच्याकडं ‘सीझनचं नाक’ म्हणतात. जूनमध्ये बियाणं दुकानात गेलं की नाक आपोआप परत येतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गेलेलं नाक परत येणारच, हे आम्ही धरूनच चालतो.

लोकांना उन्हाळा फार आवडतो म्हणे. आंबे, माठातलं पाणी, गच्चीवरची झोप. खुशाल आवडू दे. मला या दिवसांचा संताप येतो. पळस फुललेला दिसला तरी वाटतं, तुला काय झालंय एवढं फुलायला? कुणी रसाळीचं आमंत्रण दिलं तर मी काहीतरी खोटं सांगून टाळते. नवरा म्हणतो, चार वर्षं झाली, आता सोड. त्याला काय जातं सोड म्हणायला!

मी प्लांटच्या लॅबमध्ये आहे. बियाणं उगवतं की नाही, हे बघायचं माझं काम. पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, ओल्या कागदावर दाणे मांडून गुंडाळी करायची, ऊबदार कपाटात ठेवायची. मक्याची गुंडाळी चौथ्या दिवशी उघडायची, पुन्हा सातव्या दिवशी. कोंब वाकडा आला, मूळ आखूड राहिलं, की तो दाणा बाद. शंभरात किती बाद निघाले त्यावर अख्खा लॉट पास की नापास ते ठरतं. मॅनेजरनं कितीही डोळे वटारले तरी मी नापास लॉट पास केलेला नाही. मंगलबाईंची नजर लई बारीक, असं सगळे म्हणतात. जळो ती नजर.

माझा मोठा भाऊ दत्ता त्याच प्लांटात होता. ट्रीटमेंटवर, म्हणजे बियाण्याला औषध आणि रंग चोपडणाऱ्या फिरत्या ढोलावर. वीस सीझन त्यानं त्या ढोलाशेजारी काढले. मार्च ते जून त्याची नखं लाल असायची. कावेरीवहिनी त्याला वाढता वाढता विचारायची, “कुनाच्या लग्नाला जाऊन आले मेंदी लावून? आम्हाला न्हाई नेलं!” तो दोन्ही पंजे तिच्या तोंडापुढं नाचवायचा आणि ती त्याला उलथनं दाखवायची. माझा नवरा रोलिंग मिलमध्ये, त्याची पाळी वेगळी. म्हणून मी रोज दादाच्या गाडीवर मागं बसून जायची. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन गल्ल्या जवळजवळ. साडेसातला हॉर्न वाजला की मी डबा घेऊन खाली.

मग दुसऱ्या लाटेचा तो सीझन आला. फोन लावला तरी आधी कोरोनाची सूचना वाजायची, मग रिंग जायची. गेटावर कंपनीनं मोठा फलक लावला: ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, वास न येणे, ही लक्षणे आढळल्यास तत्काळ कळवा. आम्ही सगळ्यांनी तो वाचला आणि हसलो. दादा तर पोट धरून हसला. “मंगल, हे तं आपल्या सीझनचं वर्नन हाय बिलकुल! मंग वीस वर्सांपासून मला कोरोनाच हाय म्हन की!” त्या दिवशी त्या विनोदावर सबंध ट्रीटमेंट विभाग हसत होता. मीही हसले, आणि चांगली मोठ्यानं हसले.

आणि तोंडाला फडकं? ते तर आम्ही जगाच्या आधीपासून बांधतो. जग घाबरून मास्क शोधत होतं तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आपली निम्मी तयारी झालेलीच आहे. फाजील विश्वास, दुसरं काय! फडक्याआडून दिवसभर सगळे खोकत होते आणि कुणाचा खोकला धुळीचा, कुणाचा कशाचा, ते कुणी ओळखणार? ओळखायची गरजच कुणाला वाटत नव्हती.

गेटावर ताप मोजायचं पिस्तूल आलं. आता जालन्याचा एप्रिल, जुन्या गावातून टू-व्हीलरवर एमआयडीसीत पोचेपर्यंत माणसाचं कपाळ तव्यासारखं तापतं. पिस्तूल पहिल्याच सकाळी सगळ्यांवर ओरडलं. मग वॉचमननं डोकं चालवलं. गेटाबाहेर लिंबाखाली पाण्याचा ड्रम ठेवला. आधी तोंड धुवा, दहा मिनिटं सावलीत बसा, मग कपाळ दाखवा. झाले सगळे पास! ज्याला खरोखर ताप होता तोही पास. तरी कुणाचं कपाळ गरम निघालंच, तर ‘ऊन लागलं’ म्हणून पुन्हा ड्रमाकडं. माझ्या लॅबमध्ये कुणी असं माप घेतलं असतं तर मी त्याला उभा-आडवा झापला असता. पण तिथं मीही रोज ओंजळीनं पाणी मारून घेतलं आणि मुकाट आत गेले.

आता गुळाचं सांगते. सुटीच्या वेळी आमच्या गेटावर प्रत्येकाला गुळाचा खडा मिळतो. धुळीत काम करणाऱ्याला गूळ द्यायची जुनी रीत आहे. गळ्यातली धूळ खाली उतरते म्हणतात. उतरते की नाही देव जाणे, पण दिवसभर तोंडात औषधाचा कडवटपणा बसलेला असतो, त्यावर तो खडा ठेवला की जिवाला बरं वाटतं. नाक गेलेलं असलं तरी गूळ गोडच लागतो. सीझन माणसाचं नाक नेतो, जीभ नेत नाही. दादाच्या वीस वर्षांत ट्रीटमेंटवरच्या एकाचीही जीभ गेली नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या सोमवारी दादानं खडा फोडून अर्धा तोंडात टाकला आणि चावायचाच थांबला. मी गाडीपाशी उभी होते. दिवसभरात तीन लॉट नापास केलेले, मॅनेजरशी वाजलेलं, ऊन डोक्यात गेलेलं.

“मंगल, गूळ गोड लागून न्हाई राह्यला.”

“स्वस्तातला आणला आसंल.”

“न्हाई गं. माती खाल्ल्यावानी लागतंय. तू खाऊन बघ बरं.”

त्यानं उरलेला अर्धा खडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. गोड होता. चांगला रसरशीत गोड होता.

“गोड तर आहे,” मी म्हणाले.

 तो हळूच म्हणाला, “मंग मलाच काही झालं का? तो रोग तं न्हाई ना? तू शिकलेली हायेस, तू सांग.”

“अरे सीझनचं नाक आहे दादा. दरवर्षीची तुझी नाटकं! चल, गाडी काढ. मला घरी जाऊन भाकरी टाकायच्यात.”

त्यानं गाडी काढली. सहा वर्षांनी मोठा, पण अशा बाबतीत माझं ऐकायचा, कारण आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी एकटी. मी बीएस्सी झाले तेव्हा त्यानं गावाकडं, राजूरच्या गणपतीला पेढे ठेवून मग गल्लीत वाटले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमची मंगल दाण्याला हात न लावता त्याचं भविष्य सांगती.

एकच खडा आणि दोन जिभा. यापेक्षा स्वच्छ चाचणी मी बारा वर्षांत केली नाही. निकाल माझ्या तोंडात होता, आणि मला घरी जायची घाई होती. रात्रंदिवस बडबडणाऱ्या टीव्हीला मी नावं ठेवते, त्या फलकाला ठेवते, पिस्तुलाला ठेवते. पण त्या सोमवारी मला कुणी फसवलं नव्हतं. विचारणाऱ्यानं नीट विचारलं होतं, आणि मी त्याच्या अंगावर खेकसले.

चौथ्या दिवशी त्याचं अंग मोडून आलं. मेडिकलवरून गोळी आणली, घाम आला, ताप उतरला. तो खूश! मीही खूश. त्याच दिवशी मी लॅबमध्ये मक्याची चौथ्या दिवसाची गुंडाळी उघडून कोंब न् कोंब मोजला. शनिवारी सकाळी पुलाच्या चढावर त्यानं गाडी बाजूला घेतली. “थांब जरा, दम खातो.” म्हटलं, “गाडी पळतीये, तू कुठं पळतोयस दम लागायला? चल, लेट झालं की बोलणी खावी लागतात.” त्यानं हसून पुन्हा किक मारली. त्याची पाठ माझ्या समोर होती. श्वास घेताना तिचं वर-खाली होणं मी संपूर्ण रस्ताभर बघत आले, आणि कागदात गुंडाळलेल्या दाण्याकडं बघते तेवढंही लक्ष देऊन बघितलं नाही.

रविवारी वहिनीचा फोन आला. “ह्यांचे ओठ मला काळे दिसून राह्यलेत. तू ये बरं जल्दी.” मी जाताना गल्लीतल्या मास्तरांकडून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र मागून नेलं. दादा खाटेवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याच्या बोटाला यंत्र लावलं. ब्याऐंशी. तो म्हणाला, “खराब हाय मशीन. तुला लाव.” मला लावलं, सत्त्याण्णव. वहिनीला लावलं, शहाण्णव. पुन्हा त्याला, एक्क्याऐंशी. “माझ्या नखांना रंग हाय म्हनून दाखवत नसंल,” तो म्हणाला. वहिनीनं पळत जाऊन राख आणि लिंबू आणलं. आम्ही दोघींनी त्याचं बोट घासघासून धुतलं. एक्क्याऐंशीच. तेवढ्यात कुणाची तरी विकेट पडली आणि तो “गेला!” म्हणून ओरडला. काय हलकट रोग होता तो! माणूस आतून पोखरून काढायचा आणि त्याला क्रिकेट बघत बसवायचा.

दवाखान्यातले दिवस मी सांगत बसणार नाही. ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही बघितले त्यांनी सुखी राहावं. नातेवाइकांचे फोन यायचे, “सीटीचा स्कोर किती?” जणू काही मॅच चालू आहे. नवव्या दिवशी सकाळी दादा गेला. मलाही कोरोना झाला होता. दोन दिवस अंग दुखलं, दहा दिवस चव नव्हती, बस. त्याचाही मला राग येतो. नंतर फोनवर सांत्वन करणारे एकजात सगळे म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं. माझी जीभ शिवशिवायची. तेवढं नव्हतं हो, चांगलं लांबलचक होतं, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मी गप्प बसले, कारण मी त्याआधीच एक पाप करून बसले होते.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर झाडाखाली बसलेलो असताना, वहिनीनं मला विचारलं होतं, “सोमवारपासून बरं न्हाई तं घरी का न्हाई राह्यले? सुट्टी का न्हाई घेतली त्यांनी?” मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “मागितली होती. सुपरवायझरनं दिली नाही.”

हे खोटं कुणालाही खरं वाटावं असा तो माणूस होता. सीझनमध्ये सुट्टी मागायला गेलं की म्हणायचा, “मेलं का घरी कुनी? न्हाई ना? मंग लाग कामाला!” पण दादानं त्याच्याकडं सुट्टी मागितलीच नव्हती. कशाला मागेल? त्याला काही झालेलं नाही, असं त्याच्या शिकलेल्या बहिणीनं सांगितलं होतं.

तेराव्यानंतर वहिनी प्लांटच्या गेटावर गेली. सुटीची वेळ, सगळे गूळ घ्यायला रांगेत उभे. तिनं सुपरवायझरला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलली. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्याच्या लेकराबाळांवर गेली, बोटं मोडली. तो एवढा दांडगा माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. एका शब्दानं उलटून बोलला नाही. मी चार पावलांवर उभी होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, “बाई, तुमच्या नवऱ्यानं सुट्टी मागितली नव्हती.” तसं तो म्हणाला नाही. मी मनात म्हणाले, बरं झालं, याचंही काहीतरी जुनं पाप असेल. मी वहिनीचा दंड धरून तिला रिक्षात बसवलं. वर म्हणाले, “बरं केलंस.”

मग चार उन्हाळे हेच. वहिनी कुरडया घालता घालता त्याला शिव्या द्यायची, मी चिकाचं पातेलं ढवळत री ओढायची. तो निवृत्त झाला, त्याचा मुलगा गाडीवरून पडला, वहिनी म्हणाली, “भोगा आता!” मीही म्हणाले.

या वर्षी परवाची गोष्ट. शकीलाबी निवडणीच्या टेबलावर असते, माझ्याच वयाची. दुपारी लॅबच्या दारात येऊन म्हणाली, “मंगलबाई, मेरेकू दो दिन से कुछ बास नहीं आ री. देखो ना, क्या हुआ.” मी गुंडाळी उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, “सीझनका नाक है शकीलाबी, हर साल का नाटक. जाओ, काम करो.”

ती वळून गेलीसुद्धा. आणि मग ते शब्द माझ्या कानात शिरले. तेच वाक्य, तोच खेकसणारा सूर. एवढा जीव गेला, मी चार वर्षं जगाला शिव्या घातल्या, आणि माझ्या तोंडात काडीचा फरक पडलेला नाही! मी चप्पल न घालता तिच्या मागं पळाले. तिला हाताला धरून आणली, गूळ खाऊ घातला, दहा प्रश्न विचारले. गोड लागत होता. तरी मी तिला तपासायला पाठवलंच. नुसती सर्दी निघाली. पण त्या दिवशी मी एकही कोंब नीट मोजू शकले नाही.

संध्याकाळी सरळ वहिनीकडं गेले. ती गच्चीवरून आणलेल्या कुरडया डब्यात भरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गूळ, अर्धा खडा, नाटकं म्हणाले ते, आणि सुट्टीचं खोटं.

“काय म्हनली? पुन्यांदा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. दोन्ही हातांनी ते दाबून बसवलं. मला वाटलं, आता डबाच डोक्यात घालते. घातला असता तरी मी हलले नसते.

“मी त्या मानसाच्या लेकराबाळांवर गेले, मंगल,” ती म्हणाली. “चार मानसांत. त्याचं पोरगं पडलं तवा मला गार वाटलं व्हतं. तू शेजारी व्हतीस. तुला वाटलं न्हाई का, हिचं तोंड धरावं?”

“वाटलं.”

“मंग?”

 ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “त्याचं घर दाखव.”

अंबड चौफुलीच्या पुढं त्याचं घर आहे. रिक्षा फाटकापाशी थांबली. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, फार खंगलेला दिसला. वहिनीला बघताच धडपडत उठला आणि त्यानं हात जोडले. “बाई, हितं नका. घरात सून हाय, लेकरं हायेत.”

“मी काही बोलनार न्हाई,” वहिनी म्हणाली. “ही बोलनार हाय.” आणि ती फाटकाशीच उभी राहिली.

मी बोलले. सोमवारपासून सुरुवात केली आणि दवाखान्याच्या झाडाखालच्या वाक्यापाशी थांबले.  माझं झाल्यावर तो खुर्चीचा हात धरून खाली बसला.

“म्हंजी दत्तानं सुट्टी मागितलीच नव्हती?”

“नव्हती.”

“चार सालापासून आठवून राह्यलो मी,” तो म्हणाला. “कधी आल्ता, काय म्हनला, मी त्याला काय बोललो. काही केल्या आठवतच नव्हतं. पन सीझनमधी मी कुनाशी धड बोललो का कधी? वाटलं, मागितली आसंल त्यानं. आपनच हाकलून दिलं आसंल आन् इसरून गेलो. घरच्यांनाबी तसंच सांगितलं मी. माझ्या हातून एक मानूस गेला म्हनून.”

त्यानं घराच्या दाराकडं बघितलं.

“ते सुट्टीचं पुन्यांदा म्हना बाई,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं म्हना. आत सूनबाईला ऐकू जाऊ द्या.”

मी मोठ्यानं म्हणाले.